विंडोज ७ बीटा (बिल्ड ७०००)

विंडोज ७ बीटा ही मायक्रोसॉफ्ट या अमेरिकन कंपनीच्या विंडोज ७ या संगणक कार्यप्रणालीची, सर्वसामान्य वापरकर्त्यांसाठी खुली करण्यात आलेली पहिली चाचणी आवृत्ती होय. तिचा बिल्ड क्रमांक ७००० असून ती १२ डिसेंबर २००८ रोजी तयार झाली आणि जानेवारी २००९ मध्ये लोकांच्या हाती आली. नवा टास्कबार, खिडक्या हाताळण्याच्या नव्या पद्धती, फाइलींसाठी ‘लायब्ररी’ची कल्पना आणि सुरक्षा-सूचनांचे बदललेले स्वरूप ही तिची ठळक वैशिष्ट्ये होत. यांपैकी सुरक्षा-सूचनांच्या बदलावरून फेब्रुवारी २००९ मध्ये मोठा वाद झाला आणि कंपनीला आपला निर्णय अंशतः मागे घ्यावा लागला. अंतिम आवृत्ती २२ ऑक्टोबर २००९ रोजी बाजारात आली.

बिल्ड, बीटा आणि आरसी

कार्यप्रणाली म्हणजे लक्षावधी ओळींचा मजकूर असतो. प्रोग्रामर रोज त्यात भर घालतात व दुरुस्त्या करतात. ठरावीक वेळी हा सारा मजकूर एकत्र करून त्यापासून संगणकावर चालणारी प्रत तयार केली जाते. अशा प्रत्येक प्रतीला ‘बिल्ड’ म्हणतात आणि तिला चढता क्रमांक दिला जातो. बहुतेक बिल्ड कंपनीच्या बाहेर जात नाहीत. ज्या बिल्डमध्ये नियोजित सुविधा जवळपास पूर्ण झाल्या आहेत, पण दोष उरले असण्याची शक्यता आहे, ती ‘बीटा’ म्हणून बाहेरच्या लोकांना दिली जाते. त्यानंतरची पायरी ‘रिलीज कँडिडेट’ म्हणजे आरसी. गंभीर दोष न आढळल्यास हीच प्रसिद्ध करता येईल, अशा योग्यतेची ती प्रत असते.

विंडोज ७ च्या संदर्भात ७००० (बीटा), ७१०० (आरसी) आणि ७६०० (अंतिम) हे तीन क्रमांक महत्त्वाचे आहेत. कार्यप्रणालीचा अंतर्गत आवृत्ती क्रमांक मात्र ७ नसून ६.१ आहे. व्हिस्टाचा अंतर्गत क्रमांक ६.० होता. अनेक जुने प्रोग्राम सुरू होताना कार्यप्रणालीचा मुख्य आकडा तपासतात आणि तो अनोळखी वाटला तर चालण्यास नकार देतात. ही अडचण टाळण्यासाठी नावात ७ आणि आत ६.१ अशी तडजोड करण्यात आली.

पार्श्वभूमी

या बीटाकडे जगभरातून एवढे लक्ष का लागले होते, हे समजण्यासाठी तिच्या आधीच्या विंडोज व्हिस्टाचा इतिहास पाहावा लागतो. विंडोज एक्सपी २००१ मध्ये आली. तिच्या पुढची आवृत्ती ‘लाँगहॉर्न’ या सांकेतिक नावाने तयार होत होती. परंतु महत्त्वाकांक्षा वाढत गेल्या, काम हाताबाहेर गेले आणि ऑगस्ट २००४ मध्ये कंपनीने आराखडा बदलून बरेचसे काम नव्याने हाती घेतले. त्यातून निर्माण झालेली व्हिस्टा जानेवारी २००७ मध्ये सर्वांसाठी बाजारात आली. तोवर एक्सपीला पाच वर्षांहून अधिक काळ लोटला होता.

व्हिस्टाचे स्वागत थंड झाले. जुन्या संगणकांवर ती जड चाले. अनेक प्रिंटर व इतर उपकरणांचे ड्रायव्हर वेळेवर तयार नव्हते. साधी सेटिंग बदलतानाही पडदा काळवंडून ‘परवानगी द्यावी का?’ असा प्रश्न वारंवार विचारला जाई. अनेक कार्यालयांनी व्हिस्टा न घेता एक्सपीवरच राहणे पसंत केले. याच सुमारास कमी किमतीचे, लहान क्षमतेचे ‘नेटबुक’ संगणक लोकप्रिय होऊ लागले. त्यांवर व्हिस्टा चालवणे कठीण असल्याने त्यांच्यासाठीही एक्सपीच वापरली जाऊ लागली. विंडोजच्या पुढच्या आवृत्तीला म्हणूनच दोन आघाड्यांवर लढायचे होते. एक म्हणजे गेलेला विश्वास परत मिळवणे, आणि दुसरे म्हणजे कमी क्षमतेच्या यंत्रावरही नीट चालून दाखवणे.

विंडोज ७ च्या कामाची सूत्रे स्टीव्हन सिनॉफ्स्की यांच्याकडे होती. ते मायक्रोसॉफ्टच्या ऑफिस विभागातून आले होते. ठरलेल्या तारखा पाळणारा आणि पूर्ण होण्याआधी गाजावाजा न करणारा अधिकारी असा त्यांचा लौकिक होता. लाँगहॉर्नच्या काळात मोठमोठी आश्वासने देऊन ती मागे घ्यावी लागली होती. त्या अनुभवानंतर या वेळी बराच काळ मौन पाळण्यात आले. ऑगस्ट २००८ मध्ये सिनॉफ्स्की आणि विंडोजच्या गाभ्याचे काम पाहणारे जॉन डीव्हान यांनी ‘इंजिनिअरिंग विंडोज ७’ नावाचे जाहीर लेखन सुरू केले. त्यात निर्णयांमागची कारणे सविस्तर मांडली जात. पुढे सुरक्षा-वादाची उत्तरेही येथूनच देण्यात आली.

२८ ऑक्टोबर २००८ रोजी लॉस एंजेलिस येथे भरलेल्या प्रोग्रामरांच्या परिषदेत विंडोज ७ चे पहिले सविस्तर दर्शन घडले. ज्युली लार्सन-ग्रीन यांनी नवा टास्कबार दाखवला, तर सिनॉफ्स्की यांनी १ गिगाबाइट मेमरीच्या नेटबुकवर ही प्रणाली चालत असल्याचे दाखवून दिले. उपस्थितांना बिल्ड ६८०१ देण्यात आले. मात्र त्यात नवा टास्कबार दिसत नव्हता. तो आत होता, पण कुलूपबंद ठेवलेला होता. राफाएल रिव्हेरा यांनी थोड्याच दिवसांत ते कुलूप उघडणारे साधन तयार केले. चाचणी आवृत्तीत दडवलेले काहीही फार काळ दडून राहत नाही, याचा हा पहिला अनुभव होता. बीटाचे बिल्ड ७००० हेही अधिकृत घोषणेच्या आधीच, डिसेंबर २००८ च्या अखेरीस, इंटरनेटवर फुटले होते.

प्रकाशन

स्टीव्ह बामर यांनी ७ जानेवारी २००९ रोजी लास व्हेगास येथील ग्राहकोपयोगी इलेक्ट्रॉनिक्स प्रदर्शनातील भाषणात बीटाची घोषणा केली. कंपनीच्या सेवांचे वर्गणीदार असलेल्या प्रोग्रामरांना व तंत्रज्ञांना ती त्याच दिवशी मिळाली. सर्वसामान्यांसाठी ९ जानेवारी ही तारीख ठरली होती आणि पहिल्या २५ लाख लोकांनाच प्रॉडक्ट की, म्हणजे स्थापनेच्या वेळी द्यावा लागणारा सांकेतिक क्रमांक, मिळेल असे जाहीर झाले होते. मर्यादा ठरवून दिली की झुंबड उडते, तसेच येथे झाले. गर्दी इतकी झाली की सर्व्हर कोलमडले. वितरण एक दिवस लांबणीवर टाकून वाढीव यंत्रणा उभारावी लागली. अखेर कंपनीने २५ लाखांची अट काढून टाकली आणि २४ जानेवारीपर्यंत कोणालाही बीटा घेता येईल असे सांगितले. पुढे ही मुदतही वाढवून १० फेब्रुवारी करण्यात आली. ज्यांनी त्याआधी फाइल उतरवून घेण्यास सुरुवात केली होती, त्यांना १२ फेब्रुवारीपर्यंत ती पूर्ण करता आली.

बीटा केवळ ‘अल्टिमेट’ या सर्वांत मोठ्या प्रकारात देण्यात आली. तिच्यासाठी १ गिगाहर्ट्झ गतीचा प्रोसेसर, १ गिगाबाइट मेमरी आणि हार्ड डिस्कवर १६ गिगाबाइट मोकळी जागा एवढी किमान अपेक्षा होती. ३२-बिट प्रतीची फाइल सुमारे अडीच गिगाबाइटची होती. त्या काळातील भारतीय घरगुती इंटरनेटचा वेग ध्यानात घेता ती मिळवण्यास कित्येकांना एकाहून अधिक दिवस लागले असल्यास नवल नाही.

देवनागरी वाचकांच्या दृष्टीने एक गोष्ट नोंद घेण्याजोगी आहे. बीटा इंग्रजी, जर्मन, जपानी, अरबी आणि हिंदी अशा पाचच भाषांत उपलब्ध होती आणि हिंदी प्रत केवळ ३२-बिट होती. फ्रेंच व स्पॅनिश यांना पहिल्या फेरीत स्थान नसताना हिंदी व अरबीला ते मिळाले, यामागे तांत्रिक कारण दिसते. अरबी उजवीकडून डावीकडे लिहिली जाते, तर देवनागरीत काना-मात्रा, वेलांट्या व जोडाक्षरे यांची जुळणी अक्षरांच्या क्रमावर अवलंबून असते. मेनू, बटणे आणि संदेशखिडक्या अशा लिपींत नीट दिसतात की नाही हे आधी तपासले, तर इतर भाषांचे काम सोपे होते. आरसीच्या वेळी मात्र अरबी व हिंदी वगळून फ्रेंच व स्पॅनिश यांचा समावेश करण्यात आला. मराठी मजकूर लिहिण्या-वाचण्याची सोय विंडोज २००० पासूनच होती, त्यामुळे बीटाच्या कोणत्याही प्रतीत मराठी टंकलेखन करता येत असे. मराठीतून मेनू व सूचना दाखवणारा भाषा-पॅक अंतिम आवृत्तीसाठी उपलब्ध झाला. कोकिला, अपराजिता आणि उत्साह हे देवनागरी फाँटही विंडोज ७ बरोबरच आले.

नवा टास्कबार

बीटा सुरू केल्यावर सर्वप्रथम नजरेत भरे तो पडद्याच्या तळाशी असलेला टास्कबार. विंडोज ९५ पासून त्याची रचना मूलतः तीच होती: उघडलेल्या प्रत्येक खिडकीसाठी एक आडवे बटण आणि त्यावर खिडकीचे नाव. पुढे त्याच्या शेजारी ‘क्विक लाँच’ ही छोटी पट्टी आली. तिच्यात नेहमी लागणाऱ्या प्रोग्रामची चिन्हे ठेवता येत. याचा परिणाम असा की एकाच प्रोग्रामची दोन चिन्हे पट्टीवर दोन ठिकाणी दिसत, एक सुरू करण्यासाठी व दुसरे सुरू असलेल्याकडे जाण्यासाठी.

बिल्ड ७००० मध्ये हा भेद मिटवण्यात आला. बटणांवरील नावे जाऊन मोठी चिन्हे आली. एखादा प्रोग्राम टास्कबारवर कायमचा टाचून ठेवता येऊ लागला. तो बंद असला तरी चिन्ह जागेवरच राही आणि सुरू असला की त्याभोवती चौकट दिसे. चिन्हांचा क्रम माउसने ओढून बदलता येऊ लागला. चिन्हावर माउस नेला की त्या प्रोग्रामच्या सर्व खिडक्यांची छोटी चित्रे वर उमटत. त्यांतील एका चित्रावर माउस नेला, तर बाकीच्या खिडक्या काचेसारख्या पारदर्शक होऊन तीच खिडकी तेवढी दिसे. या सोयीला ‘एरो पीक’ असे नाव होते.

चिन्हावर उजवी टिचकी दिली असता ‘जंप लिस्ट’ उघडे. त्या प्रोग्राममध्ये अलीकडे उघडलेल्या फाइली आणि नेहमीच्या क्रिया तिच्यात दिसत. टास्कबारच्या अगदी उजव्या टोकाला एक अरुंद पट्टी होती. तिच्यावर टिचकी दिली की साऱ्या खिडक्या बाजूला होऊन डेस्कटॉप दिसे. घड्याळाशेजारी गर्दी करणारी छोटी चिन्हे आता आपोआप लपवली जात व त्यांपैकी कोणती दिसावीत हे वापरकर्त्याने ठरवायचे होते. स्वतःचे चिन्ह सतत लोकांच्या डोळ्यांपुढे राहावे अशी प्रत्येक कंपनीची इच्छा असते. तिला घातलेला हा लगाम वापरकर्त्यांच्या हिताचा होता.

सर्वांना हे रुचले असे नाही. नावे नसलेल्या चिन्हांमुळे कोणता प्रोग्राम सुरू आहे आणि कोणता नुसताच टाचलेला आहे, हे चटकन कळत नाही, अशी तक्रार होती. बटणांवर पुन्हा नावे दाखवण्याचा पर्याय सेटिंगमध्ये ठेवण्यात आला होता. जुना, ‘क्लासिक’ म्हणून ओळखला जाणारा स्टार्ट मेनू मात्र काढून टाकण्यात आला, आणि विंडोज ९५ पासूनची सवय असलेल्यांना तो परत मिळाला नाही.

खिडक्यांची हाताळणी व इतर बदल

खिडकी पडद्याच्या डाव्या किंवा उजव्या कडेला नेऊन सोडली की ती बरोबर अर्धा पडदा व्यापते, आणि वरच्या कडेला नेली की पूर्ण पडदा व्यापते, ही ‘स्नॅप’ची सोय याच बीटात सर्वसामान्यांपर्यंत प्रथम पोहोचली. दोन कागद शेजारी-शेजारी ठेवून ताडून पाहावेत, तसे दोन दस्तऐवज पाहणे तिच्यामुळे सोपे झाले. तिच्याबरोबर आलेली ‘शेक’, म्हणजे एक खिडकी माउसने पकडून हलवली की बाकीच्या खाली जातात ही गंमत, तितकी रूढ झाली नाही.

फाइलींच्या मांडणीत ‘लायब्ररी’ ही नवी संकल्पना आली. वेगवेगळ्या फोल्डरांत, अगदी वेगवेगळ्या डिस्कवर असलेली छायाचित्रे किंवा गाणी प्रत्यक्षात न हलवता एकाच ठिकाणी एकत्र दाखवणारी ही सूची होय. घरातील संगणकांनी एकमेकांच्या फाइली व प्रिंटर वापरावेत यासाठी ‘होमग्रुप’, पेनड्राइव्हवरील मजकूर कुलूपबंद करण्यासाठी ‘बिटलॉकर टू गो’ आणि विविध सुरक्षा-सूचना एकत्र आणणारे ‘अ‍ॅक्शन सेंटर’ यांचा समावेश होता. अनेक बोटांच्या स्पर्शाने चालणाऱ्या पडद्यांना आधार देण्यात आला होता, तरी असे पडदे त्या वेळी विरळाच होते.

कित्येक वर्षे जवळजवळ न बदललेल्या जोडप्रोग्रामांकडेही लक्ष देण्यात आले. पेंट आणि वर्डपॅड यांना ऑफिस २००७ सारखी रिबन मिळाली. कॅल्क्युलेटरमध्ये संख्याशास्त्र व प्रोग्रामर यांच्यासाठी स्वतंत्र रूपे आणि मापांचे रूपांतर आले. याउलट ईमेल, दिनदर्शिका, छायाचित्रे आणि चित्रफीत संपादन यांसाठी व्हिस्टात असलेले प्रोग्राम मूळ प्रणालीतून वगळून, हवे असल्यास वेगळे उतरवून घेण्यासाठी ठेवण्यात आले. व्हिस्टाच्या उजव्या कडेची ‘साइडबार’ गेली आणि तिच्यावरील छोटी गॅजेट्स डेस्कटॉपवर कोठेही ठेवता येऊ लागली.

डोळ्यांना न दिसणारा बदल मेमरीच्या वापरात होता. व्हिस्टात उघड्या खिडकीच्या चित्राची एक प्रत मुख्य मेमरीत आणि दुसरी चित्रपटलाच्या मेमरीत ठेवली जाई. विंडोज ७ मध्ये, नव्या पद्धतीचे ड्रायव्हर असल्यास, मुख्य मेमरीतील प्रत अनावश्यक ठरली. खिडक्या जितक्या अधिक, तितकी बचत अधिक. तसेच अनेक पार्श्वसेवा संगणक सुरू होताच चालू न होता गरज पडेल तेव्हा चालू होऊ लागल्या. एक्सपी न सोडणाऱ्या नेटबुकधारकांना वश करण्यात पारदर्शक खिडक्यांपेक्षा या अदृश्य काटकसरीचा वाटा मोठा होता.

बीटाच्या डेस्कटॉपवर निळ्या पार्श्वभूमीवरील एका माशाचे चित्र होते. हा सयामी लढाऊ मासा असून त्याच्या प्रजातीचे शास्त्रीय नाव ‘बेट्टा’ आहे. ‘बीटा’शी जुळणारा हा शब्दखेळ होता.

एमपी३ फाइलींतील दोष

बीटा म्हणजे तयार माल नव्हे, याचा प्रत्यय एका गंभीर दोषाने आणून दिला. एमपी३ स्वरूपातील गाण्याच्या फाइलीत सुरुवातीस गायक, अल्बम, मुखपृष्ठाचे चित्र अशी माहिती साठवलेली असते. ही माहिती आकाराने मोठी असल्यास आणि विंडोज मीडिया प्लेअरने किंवा फाइल-खिडकीतून ती बदलली गेल्यास, गाण्याच्या आरंभीचे काही सेकंद कायमचे पुसले जात. प्लेअर अशी माहिती आपणहून पूर्ण करत असल्याने वापरकर्त्याने काहीही न करता नुकसान होण्याचा संभव होता. कंपनीने बीटाबरोबरच दुरुस्ती उपलब्ध करून दिली आणि ती बसवण्यापूर्वी सर्व एमपी३ फाइलींच्या प्रती काढून ठेवाव्यात किंवा त्या ‘केवळ वाचनासाठी’ अशा खुणेने सुरक्षित कराव्यात, असा सल्ला दिला. रोजच्या कामाच्या संगणकावर बीटा बसवू नये हा इशारा बहुतेक जण वाचून सोडून देतात. या प्रकरणात तो न मानणाऱ्यांची गाणी पणाला लागली होती.

यूजर अकाउंट कंट्रोलचा वाद

बीटाच्या काळातील सर्वांत महत्त्वाची घटना म्हणजे ‘यूजर अकाउंट कंट्रोल’ या सुरक्षा-सुविधेवरून झालेला वाद.

ही सुविधा व्हिस्टात प्रथम आली. तिच्यामागील विचार योग्य होता. एक्सपीच्या काळात बहुतेक घरगुती वापरकर्ते प्रशासकाच्या पूर्ण अधिकाराने संगणक वापरत, त्यामुळे चुकून शिरलेल्या घातक प्रोग्रामलाही तेच पूर्ण अधिकार मिळत. व्हिस्टाने अशी व्यवस्था केली की प्रशासकसुद्धा सामान्य अधिकारांनिशी काम करेल आणि प्रणालीत बदल करण्याची वेळ येईल तेव्हा त्याला स्पष्ट संमती विचारली जाईल. प्रश्न इतक्या वेळा विचारला जाऊ लागला की लोक न वाचताच ‘होय’ म्हणू लागले किंवा ती सुविधाच बंद करू लागले. दोन्ही प्रकारांत सुरक्षेचा हेतू विफल होत होता.

बिल्ड ७००० मध्ये यावर उपाय म्हणून चार पायऱ्यांची सरकपट्टी देण्यात आली. सर्वांत वरच्या पायरीवर व्हिस्टाप्रमाणे प्रत्येक वेळी विचारणा होई. सर्वांत खालच्या पायरीवर कधीच नाही. मूळ निवड वरून दुसऱ्या पायरीची होती. तिचा अर्थ असा: एखाद्या प्रोग्रामने बदल करायचा प्रयत्न केला तर विचारा, पण वापरकर्त्याने स्वतः विंडोजच्या सेटिंगमध्ये बदल केला तर विचारू नका. कागदावर हा मध्यममार्ग समजूतदारपणाचा वाटतो. अडचण एवढीच की बदल वापरकर्ता स्वतः करत आहे की त्याच्या नावाने दुसरेच कोणी करत आहे, हे संगणकाला कसे कळावे?

जानेवारी २००९ च्या अखेरीस लाँग झेंग आणि राफाएल रिव्हेरा या दोघा तंत्रलेखकांनी नेमके याच प्रश्नावर बोट ठेवले. सरकपट्टी स्वतःच विंडोजची एक सेटिंग होती. त्यामुळे मूळ निवडीत ती खाली ओढताना कोणतीही विचारणा होत नव्हती. त्यांनी एक छोटा प्रोग्राम लिहून दाखवला. तो कळफलकावरील कळा दाबल्याचा आभास निर्माण करी, सरकपट्टीची खिडकी उघडी आणि ती तळाशी नेऊन ठेवी. त्यासाठी कोणतेही विशेष अधिकार लागत नव्हते. घराला कुलूप असावे, पण ते उघडण्याची किल्ली दाराबाहेर खुंटीला टांगलेली असावी, अशी ही स्थिती होती. उपायही त्यांनीच सुचवला: सुरक्षेची पातळी बदलताना, निवड कोणतीही असो, संमती विचारलीच पाहिजे.

कंपनीचे पहिले उत्तर असे होते की ही रचना हेतुतः केलेली आहे आणि हा सुरक्षादोष नव्हे. घातक प्रोग्राम संगणकात आधीच शिरून चालू झाला असेल तरच असे घडू शकते, आणि तो शिरू नये यासाठी इतर उपाय आहेत, असा तिचा युक्तिवाद होता. त्यात तथ्य नव्हते असे नाही. पण संमती विचारण्याची व्यवस्था मुळात आत शिरलेल्या प्रोग्रामला अडवण्यासाठीच आहे, अशी सर्वसामान्यांची समजूत कंपनीच्याच प्रचाराने झाली होती. शिवाय संमतीची अट टाकणे अवघड नव्हते. त्यामुळे हे उत्तर कोणाला पटले नाही. दरम्यान त्याच दोघांनी आणखी एक त्रुटी दाखवली. विंडोजच्या काही स्वतःच्या प्रोग्रामना विचारणेशिवाय वाढीव अधिकार मिळत आणि अशा प्रोग्रामच्या आडून परक्याचा मजकूरही चालवता येई.

जॉन डीव्हान यांनी ‘इंजिनिअरिंग विंडोज ७’ मध्ये दीर्घ लेख लिहून कंपनीची बाजू मांडली. त्याखाली आलेल्या प्रतिक्रिया तिखट होत्या. त्या लेखाची शाई वाळते न वाळते तोच, ५ फेब्रुवारी २००९ रोजी, डीव्हान आणि सिनॉफ्स्की यांनी मिळून दुसरा लेख प्रसिद्ध केला आणि दोन बदल जाहीर केले. सरकपट्टीची खिडकी यापुढे वाढीव अधिकारांच्या प्रक्रियेत चालणार होती, जेणेकरून सामान्य अधिकारांच्या प्रोग्रामला तिच्याकडे खोट्या कळा पाठवता येऊ नयेत. आणि पातळी बदलताना संमती विचारली जाणार होती. आपले उत्तर देण्याची पद्धत चुकली, हेही त्यांनी मान्य केले. बलाढ्य कंपनीने आठवडाभरात, तेही बाहेरच्या दोन व्यक्तींच्या आक्षेपावरून, जाहीरपणे माघार घ्यावी ही त्या काळात सामान्य गोष्ट नव्हती.

माघार पूर्ण मात्र नव्हती. विंडोजच्या निवडक प्रोग्रामना विचारणेशिवाय अधिकार देण्याची पद्धत अंतिम आवृत्तीतही कायम राहिली आणि मूळ निवडही दुसऱ्या पायरीचीच राहिली. अधिक काटेकोर सुरक्षा हवी असणाऱ्यास सरकपट्टी स्वतःहून सर्वांत वर न्यावी लागते.

अभिप्राय व आरसीपर्यंतचे बदल

बीटातील बहुतेक खिडक्यांच्या शीर्षपट्टीवर ‘सेंड फीडबॅक’ हा दुवा दिलेला होता. कंपनीने सांगितल्यानुसार जानेवारीतील एका आठवड्यात दर १५ सेकंदांना एक या गतीने अभिप्राय येत होते आणि फेब्रुवारीच्या अखेरीपर्यंत त्यांची संख्या ५ लाखांवर गेली. अडचण नेमकी कोणत्या पायऱ्यांनी उद्भवली हे पडद्याच्या चित्रांसह नोंदवणारे ‘प्रॉब्लेम स्टेप्स रेकॉर्डर’ हे साधनही प्रणालीत होते. ते पुढे अंतिम आवृत्तीतही राहिले आणि दूरवरच्या नातेवाइकांच्या संगणकाची दुरुस्ती फोनवरून करणाऱ्यांना फार उपयोगी पडले.

सुविधा ठरल्या आहेत, आता केवळ घोटून घ्यायच्या, या भूमिकेतून दुसरी बीटा न काढता थेट आरसीकडे जाण्याचा निर्णय घेण्यात आला. यामुळे मोठ्या मागण्यांना वाव राहिला नाही आणि काही परीक्षक नाराज झाले. लहान बदल मात्र बरेच झाले. टास्कबार भरून पुढे सरकण्याआधी त्यावर २४ ते ३९ टक्के अधिक चिन्हे मावू लागली. लक्ष वेधू पाहणारे चिन्ह तीनऐवजी सात वेळा, अधिक ठळक नारिंगी रंगात लुकलुकू लागले. जंप लिस्टमधील नोंदी १० वर मर्यादित झाल्या. विंडोज कळ व ‘ई’ एकत्र दाबल्यास बीटात लायब्ररी उघडत. जुन्या सवयीप्रमाणे पुन्हा ‘कॉम्प्युटर’ उघडू लागले.

इंटरनेट एक्स्प्लोरर ८, मीडिया प्लेअर, मीडिया सेंटर यांसारखे घटक बंद करून टाकण्याची सोय ही बीटानंतरची मोठी भर होय. विंडोजबरोबर ब्राउझर जोडून देण्याच्या प्रथेबद्दल युरोपीय आयोगाने जानेवारी २००९ मध्येच मायक्रोसॉफ्टला आक्षेपपत्र दिले होते. या पार्श्वभूमीवर ही सोय केवळ वापरकर्त्यांच्या इच्छेखातर आली असे मानणे कठीण आहे.

बीटावरून आरसीकडे जाताना परीक्षकांसमोर एक नवाच अडथळा आला. बीटावर थेट आरसी चढवता येणार नाही. पुन्हा व्हिस्टा बसवून तीवर आरसी चढवावी किंवा डिस्क पुसून नव्याने सुरुवात करावी, असे कंपनीने एप्रिल २००९ मध्ये सांगितले. खरे ग्राहक व्हिस्टावरून विंडोज ७ वर येतील, बीटावरून नव्हे; तेव्हा चाचणीही त्याच मार्गाची व्हावी, हे त्यामागील कारण होते. ते रास्त असले, तरी तीन महिने फुकट परीक्षण करणाऱ्यांना सारे काही पुन्हा बसवावे लागणार होते. विशेष म्हणजे हा अडथळा ओलांडण्याची युक्तीही कंपनीनेच त्या लेखात सांगितली: स्थापनेच्या फाइलींतील ‘सीव्हर्जन’ नावाच्या छोट्या फाइलीत किमान बिल्डचा आकडा बदलून ७००० करायचा.

आरसी, म्हणजे बिल्ड ७१००, ५ मे २००९ रोजी सर्वांसाठी खुली झाली. २२ जुलै रोजी बिल्ड ७६०० अंतिम म्हणून घोषित झाले.

मुदत

बीटाचे आयुष्य आधीच ठरवून दिलेले होते. १ जुलै २००९ पासून ती चालवणारा संगणक दर दोन तासांनी आपोआप बंद पडू लागला. न जतन केलेले काम त्यात नाहीसे होई, आणि वापरकर्त्याने दुसऱ्या आवृत्तीकडे वळावे हाच त्यामागचा हेतू होता. १ ऑगस्ट २००९ रोजी बिल्ड ७००० ची मुदत संपली. आरसीबाबतही हाच क्रम १ मार्च २०१० पासून लागू झाला आणि तिची मुदत १ जून २०१० रोजी संपली.